लेऑफनंतर पुण्यात नोकरी शोधताना: कागद, तारखा, रेफरल

आयटीत लेऑफ, म्हणजे कर्मचारी कपात, सांगणारा एचआरचा कॉल वीस मिनिटांत संपतो आणि बऱ्याच ठिकाणी त्याच संध्याकाळी लॅपटॉपचा अ‍ॅक्सेस जातो. म्हणून नोकरी शोधायची सुरुवात रेझ्युमेपासून नको, कागदांपासून करा. नुसती कुणकुण लागली तरी शेवटच्या सहा महिन्यांच्या सॅलरी स्लिपा, ऑफर लेटर, इन्क्रिमेंट लेटर आणि फॉर्म १६ स्वतःच्या मेलवर घ्या. कंपनीचा कोड किंवा क्लायंटची कागदपत्रं मात्र घेऊ नका. नंतर बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये (नवी कंपनी करते त्या पडताळणीत) तेच अंगाशी येतं.

"राजीनामा द्या, रिलीव्हिंग लेटर स्वच्छ देऊ," असं म्हटलं तर त्या खोलीत सही करू नका. स्वतःहून सोडल्याची नोंद झाली की छाटणीच्या भरपाईचा दावा कमकुवत होतो. दोन दिवस मागा. नोटीसचा पगार, शिल्लक रजांचे पैसे, ग्रॅच्युइटी आणि शेवटची तारीख हे सगळं मेलवर लेखी मागा. ग्रॅच्युइटी तुम्हीच मोजून बघा: मूळ पगार आणि महागाई भत्ता गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. मूळ पगार ६०,००० आणि नोकरी ७ वर्षं असेल, तर सुमारे २,४२,३०० रुपये होतात. कायम नोकरीत त्यासाठी साधारण ५ वर्षं भरावी लागतात. कंपनी दाद देत नसेल तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार करता येते. नाइट्स ही आयटी कर्मचाऱ्यांची पुण्यातली संघटनाही अशा प्रकरणांत पाठपुरावा करते.

आता तारखा. शेवटचा दिवस महिनाभराने पुढे ढकलता येत असेल, तर थोडी कमी रक्कम घेऊनही तो ढकलून घ्या, असं आमचं मत आहे. पेरोलवर असेपर्यंत तुम्ही "नोटीस पीरियडवर" असता. पुण्यात ९० दिवसांची नोटीस सर्रास आहे, त्यामुळे तीस दिवसांत येणारा माणूस रिक्रूटरला हवाच असतो. रेझ्युमे, रिलीव्हिंग लेटर आणि पीएफचं पासबुक या तिन्हींत रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख एकच हवी. पीएफ पोर्टलवर कंपनीने 'डेट ऑफ एक्झिट' टाकली नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी 'मार्क एक्झिट'मधून ती तुम्हाला टाकता येते. पीएफ काढायची घाई नको. सलग ५ वर्षं भरण्याआधी काढला तर सहसा कर लागतो. कंपनीचा आरोग्य विमा बहुधा शेवटच्या दिवशीच संपतो आणि नव्या पॉलिसीत अपघात सोडून बाकी आजारांना सुरुवातीचे ३० दिवस संरक्षण नसतं. घरात आईवडील असतील तर पॉलिसी आधीच घेऊन ठेवा.

एवढं झालं की रेझ्युमे. सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि चुकाही इथेच होतात. 'जावा, पायथन, क्लाउड, एआय' अशी भेळ करून शंभर ठिकाणी पाठवलेला रेझ्युमे कुठल्याच शोधात वर येत नाही. एकच रोल ठरवा. बँकांची कॅप्टिव्ह सेंटर्स (त्यांची स्वतःची तंत्रज्ञान केंद्रं) खराडी-येरवड्याकडे, सर्व्हिस कंपन्या (दुसऱ्यांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या) मुख्यतः हिंजवडीत, आणि गाड्यांच्या सॉफ्टवेअरचं काम तर पुण्याचं खासच. ऑटोसार किंवा कॅन प्रोटोकॉल या गाड्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या मानकांवर हात बसलेला असेल तर ते पहिल्याच ओळीत लिहा. 'पेमेंट्स मॉड्यूलवर काम केलं' यातून काहीच कळत नाही. 'रात्रीची सेटलमेंट बॅच ४ तासांवरून ५० मिनिटांवर आणली. स्प्रिंग बॅच, ओरॅकल, टेबल पार्टिशनिंग' यातून तुम्ही नेमकं काय केलंत ते दिसतं. मांडणी एकाच कॉलममध्ये ठेवा. पीडीएफ उघडा, सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. ओळी एकमेकांत मिसळल्या, तर कंपनीचं सॉफ्टवेअरही ते तसंच वाचणार.

नोकरी डॉट कॉमवर नोटीस पीरियडच्या रकान्यात 'सर्व्हिंग नोटीस' निवडून शेवटची तारीख टाका. रिक्रूटर अनुभव, शहर, नोटीस आणि 'अलीकडे कोण सक्रिय होतं' असे फिल्टर लावून शोधतात, म्हणून रोज सकाळी एकदा लॉगिन करा.

तरीही खरी वाट रेफरलची, म्हणजे कंपनीतल्या ओळखीच्या माणसाने तुमचं नाव सुचवण्याची. त्यात क्रम महत्त्वाचा आहे: आधी रेफरल मागा, मगच अर्ज करा. तुम्ही थेट अर्ज केलेला असेल तर बऱ्याच पोर्टलवर तुमचं नाव 'आधीच आहे' असं दिसतं आणि मित्राचं रेफरल काही महिने अडकतं. कन्सल्टन्सीचंही तसंच. दोन व्हेंडरनी (कन्सल्टन्सींनी) एकाच क्लायंटकडे प्रोफाइल पाठवलं की दोन्ही बाद होऊ शकतात, म्हणून क्लायंटचं नाव कळल्याशिवाय होकार देऊ नका. 'काही ओपनिंग असेल तर सांग रे' या मेसेजचं समोरच्याने काय करायचं? त्याला फॉर्म भरायचा असतो, तेव्हा सगळं एकदम द्या:

"मयूर, तुमच्याकडे बॅकएंडची जागा निघाली आहे, जॉब आयडी सोबत देतोय. जावा-स्प्रिंगवर ६ वर्षं, त्यातली ४ पेमेंट्समध्ये. शेवटचा दिवस ३० तारीख. मेल, फोन, रेझ्युमे जोडलाय. रेफर करशील का?"

इंटरव्ह्यूत कोडिंगपेक्षा स्वतःच्याच प्रोजेक्टवर अडखळणारे जास्त. एक प्रोजेक्ट कागदावर काढा: रिक्वेस्ट कुठून आली, कुठे साठली, काफ्काचा (मेसेज पोहोचवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) कन्झ्युमर, म्हणजे मेसेज वाचणारा प्रोग्राम, मध्येच बंद पडला तर तोच मेसेज दोनदा प्रोसेस होईल का, झाला तर तुमचा कोड तो ओळखतो कसा. ते दहा मिनिटांत मोठ्याने समजावून सांगा, शक्यतो मित्रासमोर. नोकरी का गेली असं विचारलं तर सरळ सांगा: "क्लायंटने प्रोजेक्ट बंद केला, आमची टीम कमी केली." जुन्या मॅनेजरची तक्रार नको. पगार सांगताना फिक्स्ड आणि व्हेरिएबल वेगळं सांगा आणि आकडा फुगवू नका, स्लिपा मागतातच.

रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग किंवा 'बॅकडोअर'साठी (मागच्या दाराने नोकरी लावून देण्यासाठी) पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, कारण पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. अनुभवाचं खोटं पत्र विकत घेऊ नका. पीएफच्या नोंदीशी ते जुळत नाही आणि लागलेली नोकरीही जाते.

ऑफर आली की रुजू व्हायची तारीख, प्रोबेशनमधली नोटीस आणि जॉइनिंग बोनस परत करायची अट या तीन गोष्टी मेलवर स्पष्ट करून घ्या. सध्या जॉइनिंग पुढे ढकलली जातेय, काही ऑफर रद्दही होताहेत. म्हणून नव्या कंपनीत प्रत्यक्ष रुजू होईपर्यंत बाकीचे इंटरव्ह्यू चालू ठेवा.