गॅलरीचं स्लायडिंग दार काढण्याआधीची तयारी

नागपुरात हे काम धड करायला वर्षातून दोनच वेळा सापडतात. एक होळीच्या आगेमागे, कूलर माळ्यावरून खाली यायच्या आधी. दुसरी मेच्या तिसऱ्या आठवड्यात, नवतपा म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस लागायच्या आत, आणि तीही फक्त पाण्याच्या वाटा तपासण्यापुरती. शटर म्हणजे दाराचं सरकणारं पान उतरवणं, त्याच्या खालचं चाकाचं बेअरिंग बदलणं, सांध्यात सिलिकॉन भरणं ही मोठी कामं होळीच्या सुमारासच उरकावीत. कारण सरळ आहे. ॲल्युमिनियम दर मीटरला दर अंशामागे साधारण ०.०२३ मिमी वाढतं. १२ फुटी ट्रॅक जानेवारीच्या पहाटे १० अंशांवर असतो आणि मेच्या दुपारी उन्हात ६० अंशांपर्यंत तापतो. तेवढ्यात लांबीत ४ मिमीचा फरक पडतो. ७ फुटी शटरची उंचीही जवळपास अडीच मिमी बदलते. थंडीत वर अगदी घट्ट बसवलेलं शटर उन्हाळ्यात अडकतं ते यामुळे. सकाळी आठला सुरळीत सरकणारं आणि दुपारी तीनला हट्टाला पेटणारं दार बिघडलेलं नसतं, त्याला वर जागा कमी पडलेली असते. अशा वेळी कानस घेऊन चौकट घासायला बसू नका. बेअरिंगचा स्क्रू अर्धा फेरा सैल केला की काम होतं.

खरेदीला निघण्याआधी दुखणं ओळखा. दार हळूहळू सरकवत कान द्या. सलग खर्रर असा आवाज असेल तर ट्रॅकमध्ये माती आहे आणि कदाचित बेअरिंग बदलायची गरजही नाही. ठरावीक अंतराने टक-टक येत असेल तर नायलॉनच्या चाकाला सपाट डाग पडलाय. २५ मिमी व्यासाचं चाक एका फेऱ्यात जेमतेम ८ सेंमी जातं, म्हणून दर ८ सेंमीला एक टक ऐकू येतो. दार महिनोन्‌महिने एकाच जागी उभं राहिलं आणि वर उन्हाचा मारा बसला की चाकाचा दबलेला भाग तसाच राहतो. आता ट्रॅकवर बोट फिरवून पाहा. मातीचा रंग तपकिरी असतो. बोटाला काळपट, चमकदार पूड लागली तर ती ॲल्युमिनियमची आहे. चाक पूर्ण बसलंय आणि शटरची खालची पट्टीच ट्रॅकवर घासतेय. अशा दारावर स्प्रे मारून दिवस काढू नका. ट्रॅकची धार एकदा झिजली की नवीन बेअरिंगही काही महिन्यांत जातं.

तळमजल्यावर राहत असाल तर आणखी एक मोजमाप अवश्य घ्या. चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजा, वरचा डावा कोपरा ते खालचा उजवा आणि त्याच्या उलट. फरक ५-६ मिमीपेक्षा जास्त असेल तर चौकट तिरकी झाली आहे. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, पाया उथळ असेल तर ती घराला हलवते. दाराच्या वरच्या कोपऱ्यातून भिंतीला तिरपी चीर गेलेली दिसली तर आधी बांधकाम जाणणाऱ्या माणसाला दाखवा. बेअरिंग बदलून ते दुखणं जाणार नाही.

मग वजन. हे बहुतेक जण धरतच नाहीत आणि काम तिथेच फसतं. काचेचं वजन काढणं सोपं आहे: दर चौरस मीटरला, दर मिमी जाडीमागे अडीच किलो. ३ फूट बाय ७ फुटांच्या शटरमध्ये जवळपास १.९५ चौरस मीटर काच असते. ती ५ मिमीची असेल तर २४ किलो, ६ मिमीची असेल तर २९, ८ मिमीची असेल तर ३९ किलो. वर शटरच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचं वजन वेगळं. हा सगळा भार दोन बेअरिंगांवर येतो, म्हणून ८ मिमीच्या काचेला हलकं, एका चाकाचं बेअरिंग लावणं म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा तेच काम. अशा शटरला दुहेरी चाकाचं, बॉल बेअरिंग असलेलं घ्या. काच टफन (तापवून कडक केलेली) आहे का हेही आताच पाहून ठेवा. कोपऱ्यात बारीक छापील शिक्का असतो. टफन काच नंतर कापता येत नाही, तिला भोक पाडता येत नाही आणि तिची कड फरशीवर आपटली तर पूर्ण काच क्षणात चुरा होते.

बेअरिंग नमुना दाखवल्याशिवाय विकत घेऊ नका. आदल्या दिवशी एकच शटर उतरवून एक बेअरिंग काढा आणि शटर परत जागेवर उभं करून ठेवा. दुकानात चार गोष्टी जुळवायच्या: चाकाचा व्यास, चाकाला मधोमध खाच आहे की ते सपाट आहे, चाक ज्यात बसतं त्या डब्याची रुंदी, आणि स्क्रूच्या भोकांमधलं अंतर. जुन्या साध्या सेक्शनचं (ॲल्युमिनियमच्या पट्टीचं) बेअरिंग डोमल नावाच्या दुसऱ्या सेक्शनला बसत नाही, डोमलचं साध्याला नाही. सेक्शन विकणाऱ्या दुकानात सगळे प्रकार असतात, कोपऱ्यावरच्या हार्डवेअरमध्ये दोन-तीनच. इतवारीच्या बाजारापर्यंत जाणार असाल तर जुनं बेअरिंग, जुन्या वूलपाइलचा (फट बुजवणाऱ्या केसाळ पट्टीचा) दोन इंची तुकडा, काचेच्या रबराचा तुकडा आणि लॉकच्या भोकांचं माप एका पिशवीत न्या. दोन काचेची शटरं आणि एक जाळीचं, असं तीन ट्रॅकचं दार असेल तर बेअरिंग सहा लागतात. सहाही एकदम बदला. एक नवं, एक जुनं लावलं तर शटर एका बाजूला कलतं आणि नव्यावर जास्त भार येतो.

बाकीच्या सामानात ३०४ स्टेनलेस स्टीलचे ८ नंबरचे पाऊण इंची स्क्रू दोन डझन. साधे लोखंडी स्क्रू ॲल्युमिनियममध्ये ओल लागली की गंजतात आणि पुढच्या वेळी डोकं तुटून आत अडकतात. वूलपाइल घेताना बुडाची रुंदी आणि केसांची उंची दोन्ही जुळवा. उंची एका मिमीने जास्त झाली तरी दार जड होतं. जिथे जिथे खाच आहे ती सगळी टेपने मोजा आणि वर हातभर जास्त घ्या, कारण बसवताना ताणली तर ती नंतर आकसते आणि कोपऱ्यात फट पडते. ट्रॅकची धार झिजली असेल तर वरून बसणारी स्टीलची पट्टी त्याच मापाची. सिलिकॉन न्यूट्रल क्युअरचं मागा. उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त पडतं, पण ते धातूला आणि संगमरवराला डाग पाडतं, सिमेंटवर धडपणे चिकटतही नाही. ६ मिमी रुंद आणि तेवढ्याच खोल सांध्याला २८० मिलीची एक ट्यूब पावणेआठ मीटर पुरते. १२ बाय ७ फुटांच्या चौकटीचा घेर साडेअकरा मीटर होतो, म्हणजे दोन ट्यूब. शिवाय सिलिकॉन स्प्रेचा एक डबा, मास्किंग टेप, स्टारचे आणि सपाट स्क्रूड्रायव्हर, पक्कड, रबरी हातोडी, एक इंची रंगाचा ब्रश, जुने टूथब्रश, आइस्क्रीमच्या दोन-तीन काड्या, चामड्याचे हातमोजे, बंद बूट. टॉयलेट साफ करायचं ॲसिड आणि कॉस्टिक सोडा या कामाच्या आसपासही ठेवू नका. ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर दोन्हींनी जातो.

ग्रीस, खोबरेल, मशीनचं तेल यातलं काहीही ट्रॅकला नको. एप्रिल-मेच्या संध्याकाळी अंधड उठलं की बारीक धूळ घरभर होते, कोराडी-खापरखेड्याच्या बाजूला वीज केंद्रांची राखही असते, आणि तेलाला ती धरून राहते. पंधरा दिवसांत तेल-मातीचा घट्ट काळा लगदा होतो. डब्ल्यूडी-४० गंजलेला स्क्रू सोडवायला उत्तम, पण तो उडून जातो. रोजच्या सरकण्यासाठी कोरडा सिलिकॉन स्प्रेच लागतो, तोही साफ केलेल्या ट्रॅकवर आणि अगदी थोडा.

यूपीव्हीसीचं (कडक प्लास्टिकचं) दार असेल तर बेअरिंग त्या कंपनीच्या प्रोफाइलप्रमाणेच मिळतं, बाजारातलं जवळचं माप लावू नये. थिनर आणि पेट्रोलने ते पुसायचं नाही. उन्हात ते ॲल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट फुगतं, म्हणून वरची मोकळी जागा त्याला जास्त हवी.

दार काढायचा दिवस वारा नसलेला निवडा आणि सकाळी सातला सुरुवात करा. दोन धडधाकट माणसं हवीत, तिसरा सामान द्यायला. मुलं आणि कुत्रा आतल्या खोलीत. शटर टेकवायला भिंतीजवळ लाकडाच्या दोन पट्ट्या किंवा थर्माकोलचे तुकडे आधीच मांडून ठेवा; ग्रॅनाइटवर किंवा टाइलवर थेट टेकवू नका. हात लावण्याआधी प्रत्येक कोपऱ्याचा फोटो काढा आणि शटरवर मार्करने लिहा: आतलं, बाहेरचं, वरची बाजू कुठली. आधी आतल्या ट्रॅकवरचं शटर निघतं. वरच्या चॅनेलमधला अँटी-लिफ्टचा (शटर वर उचलू न देणारा) तुकडा आणि स्टॉपर सोडवा. शटरच्या बाजूला खाली, बहुधा प्लास्टिकच्या बुचामागे, बेअरिंगचा स्क्रू असतो. तो सैल करून शटर खाली बसवा. मग शटर मधोमध आणा, दोघांनी सरळ वर उचला आणि खालची कड घराच्या आत ओढा. बाहेरच्या बाजूने कधीच नाही, विशेषतः वरच्या मजल्यावर. गॅलरीच्या कठड्यावर चढून वरचा स्क्रू काढायचा मोह झाला तर काम थांबवा आणि कारागीर बोलवा.

शटर निघालं की ट्रॅक मोकळा मिळतो आणि खरं काम इथे आहे. आधी कोरडी माती ब्रशने आणि व्हॅक्यूमने काढा. आधीच पाणी ओतलं तर तिचा चिखल होऊन भोकांत बसतो. चिकटलेला थर काडीने काढा, लोखंडी पातं लावू नका. कूलर याच दारात लागत असेल तर ट्रॅकवर पांढरे, खरखरीत थर असतील. बोअरच्या जड पाण्यातले क्षार सुकून तिथे जमतात. लिंबाचं पाणी दोन-तीन मिनिटं लावून ब्रशने घासा आणि लगेच भरपूर साध्या पाण्याने धुवा. आधी एखाद्या कोपऱ्यात थोडं लावून पाहा. कूलरच्या गवताचे तुसही पाण्याच्या भोकांत जाऊन बसतात. यावर उपाय एकच: कूलर स्वतःच्या स्टँडवर, ट्रॅकपासून दोन इंच दूर, आणि टाकीचं जास्तीचं पाणी नळीने थेट गॅलरीच्या मोरीत.

चौकटीच्या बाहेरच्या बाजूला खाली पाणी निघायची भोकं किंवा लांबट चिरा असतात. त्यात माती, मुंग्यांची घरं, कुंभारमाशीची मातीची घरटी, टाइल बसवताना गेलेलं सिमेंट, रंगाचा पापुद्रा, काहीही सापडतं. तार घालून मोकळी करा. मग ट्रॅकमध्ये लिटरभर पाणी सावकाश ओता. ते बाहेर गेलं पाहिजे. आतल्या कडेकडे चढायला लागलं तर एखादं भोक अजून बंद आहे, किंवा बाहेरच्या उंबऱ्याचा उतार घराकडे आहे. मृगाच्या पहिल्या जोरदार सरीत हॉलमध्ये पाणी येतं ते बहुतेक वेळा यामुळेच, आणि मग घाईघाईने हीच भोकं सिलिकॉनने बुजवली जातात. ती चूक करू नका. ट्रॅकमध्ये पाणी येणारच, त्याला जायला वाट हवी. सिलिकॉनची जागा फक्त चौकट आणि भिंत यांच्या मधल्या सांध्यात आहे.

बेअरिंग बदलताना काही सेक्शनमध्ये एकच स्क्रू काढावा लागतो, काहींत खालची आणि उभी पट्टी जोडणारे स्क्रू सैल करून पट्टी रबरी हातोडीने हलकेच सरकवावी लागते. काच तेव्हा रबरात घट्ट बसलेली असते. पट्टी तिरकी ओढली तर कडेवर ताण येतो, म्हणून थोडं या टोकाला, थोडं त्या टोकाला असं सरकवा. जाळीही आताच बदलायची असेल तर चारही बाजूंना दोन इंच जास्त कापा आणि रबरी दोरी जुन्याच जाडीची घ्या.

सांधा भरण्याआधी जुनं सिलिकॉन खरवडून पूर्ण काढा, कारण नवं जुन्यावर धरत नाही. जागा कोरडी आणि सावलीतली हवी. उन्हाने हात भाजेल अशा पट्टीवर ते फुगे धरतं. दोन्हीकडे मास्किंग टेप लावा, एका दमात भरा, बोटाने आत दाबा आणि साल धरायच्या आत टेप काढा. २४ तास पाणी लागू देऊ नका.

शटर उलट क्रमाने बसवा, बाहेरचं आधी. दोन्ही बाजूंचे स्क्रू अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने फिरवत शटर आणि उभी चौकट यांच्यातली फट वर-खाली सारखी होईपर्यंत उचला. आता शटर हाताने वर ढकलून पाहा. ३-४ मिमी हललं तर बरोबर. जास्त हलत असेल तर ते बाहेरूनही उचलून काढता येईल, म्हणून अँटी-लिफ्टचा तुकडा परत लावल्याशिवाय काम संपलं म्हणू नका. लॉक सगळ्यात शेवटी. बेअरिंग उचललं की लॉकचा आकडाही तेवढाच वर जातो आणि समोरच्या पट्टीत बसत नाही. दार जोरात आपटून तो बसवण्यापेक्षा समोरच्या पट्टीचे दोन स्क्रू सैल करून पट्टी सरकवा. किल्लीच्या भोकात तेल नको, पेन्सिलच्या शिशाची पूड पुरते. उरलेली वूलपाइल, चार स्क्रू आणि नव्या बेअरिंगचं रिकामं पाकीट एका डबीत ठेवा, वर दाराचं माप आणि काचेची जाडी लिहून.