राजगड ते तोरणा एका दिवसात, दोघांनी : कार्तिक-मार्गशीर्षातलं नियोजन

या ट्रेकमध्ये दमापेक्षा उजेड आधी संपतो. नोव्हेंबरच्या मध्याला पुण्याच्या बाजूला सूर्य साधारण पावणेसातला उगवतो आणि सहाला मावळतो. राजगडाच्या पायथ्याचं गुंजवणे ते तोरण्याच्या पायथ्याचं वेल्हे ही चाल बऱ्यापैकी सवय असलेल्या दोघांना नाश्त्यासह पावणेअकरा ते पावणेबारा तास घेते. म्हणजे उजाडल्यावर निघालात तर हातात फार तर अर्धा तास उरतो, आणि तो बूट बांधण्यात, फोटोत जातो. म्हणून पहाटे पाचला टॉर्च लावून निघायचं.

गाडी गुंजवण्यात लावू नका. उतरणार वेल्ह्यात, आणि तिथून गुंजवण्याला यायचं म्हणजे मार्गासनीपर्यंत मागे येऊन आत वळायचं. अंधार पडल्यावर जीप मिळेलच असं नाही. आदल्या संध्याकाळी गाडी वेल्ह्यात ठेवा, जीप ठरवून गुंजवणं गाठा आणि तिथेच मुक्काम करा.

वेळा अशा धरा. चोर दरवाज्याने राजगडाची पद्मावती माची (माची म्हणजे माथ्याखालचा सपाट तटबंद भाग) सव्वादोन तास. शेवटचा टप्पा उभा आहे, रेलिंग धरून चढायचा. तलावापाशी अर्धा तास थांबून नाश्ता. संजीवनी माचीच्या अळू दरवाज्यापर्यंत आणखी तासभर. बालेकिल्ला या दिवशी सोडा. २०२५मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या गडाचा माथा टाळणं जिवावर येतं, पण तो जाऊन-येऊन दीड तास खातो आणि तेवढा दीड तास तुमच्याकडे नाही. अळू दरवाज्यातून उतरलात की डोंगरधार सुरू होते. दोन-अडीच तासांनी भुतोंड्याकडे जाणारा डांबरी रस्ता ही धार ओलांडतो.

पूर्ण दिवसाचा निर्णय या रस्त्यावर होतो. इथून तोरण्याची बुधला माची अडीच तास, तिथून वेल्ह्याच्या बाजूचा बिनी दरवाजा एक, खाली वेल्हे दीड ते दोन. साडेबारापर्यंत रस्त्यावर असाल तर पुढे जा. त्यानंतर पोचलात, किंवा दोघांपैकी एकाचा गुडघा कुरकुरत असेल, तर इथूनच वेल्ह्याकडे वळा. ही वेळ आदल्या रात्री दोघांनी मिळून ठरवा, कारण चढ समोर दिसत असताना उत्साही माणूस नेहमीच वाद जिंकतो.

पाणी माणशी चार लिटर. तीन घेऊन निघालात तरी पद्मावतीवर चार पुरे करून घ्या. पुढे तोरण्यापर्यंत धारेवर खात्रीचं पाणी धरू नका. टाक्यातलं पाणी फडक्यातून गाळून त्यात क्लोरीनची गोळी टाका आणि पाकिटावर लिहिलाय तेवढा वेळ थांबा. एक लिटरवाली ओआरएसची पुडी पूर्ण एक लिटरमध्येच घाला. अर्ध्या बाटलीत कालवली तर द्रावण नको इतकं खारट होतं आणि मळमळतं. पोटऱ्यांत गोळे दुपारी येतात, त्यामुळे पहिली पुडी दहाच्या आत संपलेली बरी. खायला दशम्या, तिळाची कोरडी चटणी, गूळ-शेंगदाणे. पुलाव-बिलाव नको, दुपारपर्यंत आंबतो.

या दिवसांत खरा त्रास गवताचा. पावसाळ्यातलं गवत कमरेइतकं वाढून वाळलेलं असतं, खालचे सुटे दगड दिसत नाहीत आणि आडवं पडलेलं गवत उतारावर बुटाखालून सरकतं. पाऊल सपाट टाका, टाचेवर भार देऊ नका, काठी आधी पुढे टेकवा. त्यात कुसळं, म्हणजे गवताची टोकदार, शेपटीवाली बी. कुसळाच्या शेपटीला पीळ असतो. दव किंवा घाम लागला की तो उलगडतो आणि टोक मोज्यातून कातडीत घुसतं. टोकावरचे बारीक केस मागे वळलेले असल्याने शेपूट धरून ओढलं तर तुकडा आतच राहतो. मोज्यात अडकलेलं कुसळ टोकाकडून, पुढच्या दिशेने ओढून काढा. लोकरी मोजे आणि फ्लीस धारेवर नकोतच. गुळगुळीत नायलॉनची पूर्ण पँट आणि घोट्यावर गेटर (बुटावरून बांधायचं कापडी आवरण) बरे.

धारेवर चुकण्याचं ठरलेलं कारण म्हणजे ढोरवाटा. त्या मळलेल्या, रुंद आणि सपाटीच्या असतात, पण हळूच कड्याच्या पोटाला घेऊन जातात. वाट धारेच्या माथ्यापासून बाजूला सरकून दहा मिनिटं झाली आणि परत वर येत नसेल, तर मागे फिरा. आडवं चढून माथा गाठायला जाऊ नका. ऑफलाइन नकाशा दोघांच्याही फोनमध्ये हवा, आणि एक फोन कायम विमान मोडवर.

दोघंच असताना हळू चालणारा पुढे. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या दगड-मातीच्या उतारावर, मात्र एकाच्या बरोबर खाली दुसरा नको. एक आडोशाला पोचला की दुसऱ्याने निघायचं. बुधला माचीच्या अलीकडच्या कातळटप्प्यावरही तसंच. सॅक जड वाटत असेल तर ती आधी दोरीने वर घ्या.

टॉर्च, शिट्टी, क्रेप बँडेज प्रत्येकाकडे आपापलं. पाय मुरगळला आणि त्यावर भार देता येत असेल तर बूट सैल करून, मोज्यावरूनच दहा सेंटिमीटर रुंद बँडेज आठाच्या आकारात बांधा आणि जवळच्या बाजूला उतरा. भार देताच येत नसेल तर चालवू नका. ११२ लावा, रेंज नसेल तर धारेचा नजरेतला उंचवटा गाठून पुन्हा लावा, पण शिट्टी ऐकू येईल इतकंच लांब जा. जखमी माणसाला वाटेवरच, सावलीत बसवा. गवतात शोधणाऱ्यांना दिसत नाही.

बिनी दरवाज्यातून उतरताना रेलिंग संपल्यावर मुरमाड वाट लागते. साडेचार वाजले असतील तर घाई करू नका. तासाभराच्या उतरणीला दीड तास दिला तरी वेल्ह्यात चहा मिळतो.