सेप्टिक टँक तुंबण्याची वाट पाहू नका

सेप्टिक टँकमध्ये आलेल्या सांडपाण्यातील जड मैला गाळ होऊन तळाशी बसतो, तेल-चरबीचा थर वर तरंगतो आणि मधले, त्या मानाने निवळलेले पाणी शोषखड्ड्याकडे जाते. प्राणवायूविना जगणारे जीवाणू या गाळाचा काही भाग कुजवतात, सगळा नव्हे. म्हणूनच टाकी कधीच उपसावी लागत नाही ही समजूत महागात पडते, कारण साचलेला गाळ अखेर शोषखड्ड्यात शिरून तेथील मातीची छिद्रे बुजवतो आणि ते नुकसान नंतर टाकी उपसूनही भरून निघत नाही. गाळ आणि वरचा थर यांनी मिळून टाकीतील पाण्याच्या खोलीचा एक तृतीयांश भाग व्यापला, की उपसा करून घ्यावा. टाकी लहान आणि माणसे जास्त असतील तर ही वेळ लवकर येते. अ‍ॅसिड किंवा ब्लीच सढळ हाताने ओतल्यास जीवाणू मरतात. सॅनिटरी पॅड, वेट वाइप्स आणि उरलेले तेल टाकीत जाऊच देऊ नये.

टाकीत मात्र कोणीही, क्षणभरसुद्धा, उतरू नये आणि कोणाला उतरवूही नये. आतील हायड्रोजन सल्फाइड माणसाला काही श्वासांतच बेशुद्ध करू शकतो आणि वाचवायला उतरलेली व्यक्तीही त्याच वायूला बळी पडते. उपसा बाहेरूनच, यंत्राने करून घ्यावा.