मुस्लिम मुलांच्या समर कॅम्पला मेंटॉर म्हणून जाताय? थोडं कामाचं

पहिल्यांदा मेंटॉर होणारे बहुतेक जण दीनी प्रश्नांची तयारी करून जातात, कोणी जिन्नबद्दल विचारलं तर काय सांगायचं वगैरे. असे प्रश्न येतात, पण त्यासाठी कॅम्पवर मौलाना किंवा आलिमा (दीनचं शिक्षण घेतलेली बाई) असतात, माहीत नसेल तर "उद्या विचारून सांगतो" म्हणायचं, विषय संपला. तुमच्या वाट्याला येतं ते वेगळंच. कोणाचा टॉवेल हरवलाय, कोण सकाळपासून पाणी प्यायलेलं नाही, कोणाला घरची आठवण येतेय पण तो पोटात दुखतंय असं सांगतोय.

मुलं यायच्या आधी फॉर्म नीट वाचा. ॲलर्जी, इनहेलर, रात्रीचं औषध, झोपेत चालायची सवय, सगळं. हलालचं किचनवाले बघतात पण मुलांनी बॅगेत लपवून आणलेला खाऊ बघणारे तुम्हीच, जेली आणि मार्शमेलोमध्ये जिलेटिन (जनावरांच्या हाडा-कातड्यातून काढलेलं) असतं आणि ते कोणत्या जनावराचं यावरून पोरांमध्ये भांडण ठरलेलं. त्यात एकाचा खाऊ "हराम हराम" करत सगळ्यांसमोर फेकून दिला असं होऊ देऊ नका, बाजूला ठेवा, जाताना परत द्या.

आता नमाज. उन्हाळ्यात दिवस मोठा, विषुववृत्तापासून जितकं लांब तितकी इशा (रात्रीची नमाज) उशिरा आणि फजर (पहाटेची) लवकर, म्हणजे झोप मधल्यामध्ये कापली जाते. चौथ्या दिवशी पोरं चिडचिडी होतात ती त्यामुळे, संस्कार कमी पडले म्हणून नाही. फजरनंतर परत झोपायला वेळ ठेवलाय का हे कॅम्पवाल्यांना आधीच विचारून घ्या आणि नसेल तर भांडून ठेवायला लावा. उठवताना एकदम लाइट लावून ओरडायचं नाही, ज्यांना वुजूला (नमाजआधी हात-तोंड-पाय धुण्याला) वेळ लागतो त्यांना दहा मिनिटं आधी हळूच उठवा, नाहीतर नळापाशी गर्दी होते आणि ओल्या फरशीवर कोणीतरी आपटतंच. सात वर्षांपासून नमाजची सवय लावा असं हदीसमध्ये (पैगंबर साहेबांच्या वचनांमध्ये) आहे, त्याहून लहान झोपलं असेल तर झोपू द्या की. त्याच हदीसमध्ये दहाव्या वर्षापासूनच्या सक्तीचं येतं ते आईबापांना उद्देशून आहे, कॅम्पवर हात उचलायचा नाही म्हणजे नाही. अंथरुणं वेगळी करा हेही त्यातच आहे, ते मात्र कॅम्पवर सगळ्यांनाच लागू, प्रत्येकाचा बेड वेगळा.

मुलं वेगवेगळ्या घरांतून येतात. कोणी हात छातीवर बांधतो, कोणी बेंबीखाली, कोणी सोडूनच उभा राहतो, आणि दहा वर्षाच्या पोराला वाटतं की आपल्या घरचं तेवढं बरोबर. पहिल्याच दिवशी सांगून टाका की इथे कोणी कोणाची नमाज दुरुस्त करणार नाही. असरची (दुपारनंतरच्या नमाजची) वेळही हनफी परंपरा मानणाऱ्यांकडे उशिरा येते, तर जमात (एकत्र नमाज) कधी हे कॅम्पचे इमाम ठरवतील, तुम्ही मध्ये पडू नका. दुपारी कडक ऊन असेल तर जोहर (दुपारची नमाज) थोडी उशिरा घ्यायला हदीसचाच आधार आहे, तेव्हा मैदानात जमात असेल तर इमामांना जाऊन बोला.

मुलींच्या ग्रुपला बाईच मेंटॉर हवी, आणि कोणी नमाजला बसली नाही तर "का गं?" असं चारचौघींत विचारायचं नाही. पाळी आलेली असू शकते, पहिलीच असू शकते. पॅड कुठे ठेवलेत हे सगळ्यांना आधीच सांगून ठेवा म्हणजे मागायची वेळच येत नाही.

अंथरूण ओलं होणं हे प्रत्येक कॅम्पला होतं. मूल दोनदा घाबरतं, मित्र हसतील म्हणून आणि आता नमाज कशी पढायची म्हणून. फजरला इतरांना उठवायच्या आधी एक चक्कर मारा, तसं दिसलं तर हळू आवाजात "चल, चादर बदलू, आंघोळ कर, कपडे पाक (शुद्ध) झाले, झालं" एवढंच. सोबत दुसरा मेंटॉर जवळपास असू द्या, कुठल्याही मुलासोबत बंद खोलीत एकटं राहायचं नाही हा नियम तेव्हाही आहेच.

घरची आठवण काढून रडणाऱ्याला लेक्चर नको. अबू उमैर नावाच्या लहान मुलाचा पाळलेला पक्षी मेला तेव्हा पैगंबर साहेबांनी (स.) त्याला त्या पक्ष्याबद्दलच विचारलं, बुखारी या हदीसच्या संग्रहात आहे. तसं घरच्या मांजरीबद्दल विचारा, धाकट्या भावाबद्दल विचारा, बोलून बोलून झोपतं. पण कोणी घरी मारतात किंवा कोणी नको तिथे हात लावतो असं सांगितलं तर "कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, शांतपणे ऐका आणि लगेच कॅम्पच्या मुख्य माणसाला सांगा.

ॲक्टिव्हिटीला दोन गोष्टी चांगल्या चालतात. एक म्हणजे पाण्याची, पैगंबर साहेब साधारण पाऊण लिटर पाण्यात वुजू करायचे, तेवढी बाटली प्रत्येकाच्या हातात द्या आणि कोणाची पुरते बघा, नळ सोडून बसणारेही गप सुधारतात. दुसरी किब्ल्याची, म्हणजे नमाजला तोंड करायचं त्या मक्केतल्या काब्याच्या दिशेची. 27-28 मे आणि 15-16 जुलैला सूर्य बरोबर काब्याच्या डोक्यावर येतो, मक्केच्या घड्याळात मे मध्ये दुपारी 12:18 आणि जुलैत 12:27. त्या क्षणी तुमच्याकडे ऊन असेल तर काठी सरळ रोवा, सावली जिकडे पडते त्याच्या बरोबर उलट किब्ला. मग मोबाईलचं कंपास काढून ताडून बघू द्या, मोबाईल चुकला की पोरं जाम खूश होतात. तारीख जमत नसेल तर रात्री ध्रुवतारा दाखवा, त्यावरून उत्तर कळते आणि तिथून किब्ला काढता येतो.

जास्त नमाज पढली म्हणून बक्षीस, असला प्रकार मला पटत नाही. पोरं मोजायला लागतात, मग खोटंही बोलतात. त्यापेक्षा अजान द्यायची पाळी लावा, बेसूर असला तरी प्रत्येकाला एकदा मिळू द्या.

शेवटच्या दिवशी घरचे घ्यायला येतात तेव्हा प्रत्येकाबद्दल एक नेमकी चांगली गोष्ट सांगा, "छान मुलगा आहे" नाही, तर "हा रोज छोट्यांचे बूट ओळीत लावायचा" असं. फजर चुकवल्याचा हिशोब दुसऱ्या पालकांसमोर काढायचा नाही. आणि औषधाचा डबा, इनहेलर परत दिल्यावर फॉर्मवर सही घ्या, ते हमखास राहून जातं.