चिठ्ठी दिली म्हणजे काम झालं नाही! लहान मुलांच्या थेरपीचं कोऑर्डिनेशन करताना या चुका टाळा

दरवर्षी या कामात नवीन समाजसेवक येतात, नवीन स्पेशल एज्युकेटर येतात, हुशार असतात, एमएसडब्ल्यू-बीएड झालेले असतात, आणि पहिल्या दोन महिन्यांत सगळे त्याच त्या चुका करतात. सांगली जिल्ह्यात शून्य ते सहा वर्षांच्या मुलांचं काम म्हणजे एकीकडं मिरजेत गल्लीगणिक दवाखाने आणि दुसरीकडं जत-आटपाडीच्या वाड्यावस्त्या, जिथं सकाळची एसटी चुकली की दिवस गेला. पुण्याच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं इथं जसंच्या तसं चालत नाही. अंगणवाडीच्या ताईंनी आणि आईबापांनी पण वाचा, कारण यातल्या निम्म्या चुका तुम्हालाही थांबवता येतात.

"रेफर केलं" एवढं लिहून मोकळं होणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, त्यामुळं जरा लांबण लागणार आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, म्हणजे आपलं आरबीएसके, २०१३ मध्ये पालघरला सुरू झालं. त्यांची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलं तपासतात. आशा ताई बाळ जन्मल्यावर ४२ दिवसांपर्यंत घरी येतात, नंतर परत तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्याला येतात. त्यामुळं मूल मागं पडतंय हे आता बऱ्यापैकी लवकर कुणाच्या तरी लक्षात येतं. घोळ होतो तो त्याच्या पुढं.

विट्याकडचं एक पोर सांगते. खानापूर-आटपाडी भागात गलाईवाल्यांची घरं भरपूर, बाप तामिळनाडूत नाहीतर केरळात सोनं-चांदी गाळायच्या दुकानात, आई, आजी, लेकरू गावी, आणि दिवाळी-जत्रा-लगीनसराई बघून येणं-जाणं. तर हे पोर दोन वर्षांचं झालं तरी तोंडातनं एक शब्द नाही. आजीचं म्हणणं, "त्येचा बाप बी उशिरानंच बोलला की, बोलंल." पथकानं बघितलं, चिठ्ठी दिली. आई दवाखान्यात गेली. तिथं सांगितलं कानात मळ आहे, ड्रॉप टाका, पुढच्या आठवड्यात या, मग बेरा, म्हणजे ऐकू येतं का बघायची मशीनवरची तपासणी, करू. पुढच्या आठवड्यात गेली तर पोर झोपेना. बेराला मूल गाढ झोपलेलं लागतं आणि हे बेटं विट्यापासनं सांगलीपर्यंत एसटीत आईच्या मांडीवर निवांत झोपून आलेलं, तिथं पोचल्यावर टक्क जागं, झोपेचं औषध दिलं तरी डोळा मिटेना. पुढची तारीख मिळाली ती नेमकी जत्रेतली. जत्रेला बाप आला आणि जाताना दोघांना घेऊन गेला.

आता रजिस्टरं बघा. अंगणवाडीत "संदर्भित". पथकाकडं "संदर्भित". दवाखान्यात "तारीख दिली". तिन्ही ठिकाणी टिक, महिन्याचा रिपोर्ट पूर्ण, आणि पोराचे कान काही तपासले गेलेले नाहीत.

परत गावी आले तेव्हा तिसरं वर्ष संपत आलेलं. एका संस्थेत नवीन लागलेली मुलगी होती, उत्साही एकदम, तिनं बघितलं की पोर बोलत नाही आणि लगेच स्पीच थेरपी लावून टाकली. सहा महिने फ्लॅशकार्ड. गाय दाखव, बस दाखव, आंबा दाखव. पोर चलाख, ओठ आणि हात बघून बघून बरंच काही करायचं, त्यामुळं सगळ्यांना वाटलं प्रगती आहे. कान तपासलेत का हे कुणी विचारलंच नाही कारण फाईलला कानाच्या डॉक्टरांचा कागद होता की. तो मळाचा कागद! शेवटी बेरा झाली तेव्हा दोन्ही कानांनी जवळपास काहीच ऐकू येत नाही हे कळलं, आणि पोर तोवर साडेतीन वर्षांचं.

बहिरेपणाच्या बाबतीत १-३-६ चा हिशोब असतो, पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत कानाचं मशीन आणि थेरपी चालू. सहा महिने म्हणतेय मी, आणि इथं साडेतीन वर्षं. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू येण्यासाठी ऑपरेशन करून कानात बसवायचं यंत्र, त्याच्या सरकारी योजनांना वयाची अट असते, शिवाय आधी हिअरिंग एड लावून काही महिने बघायचं, स्कॅन काढायचे, लसी द्यायच्या, या सगळ्याला वेळ लागतो. झालं ऑपरेशन, पण अगदी काठावर, ते पण बापानं दुकान भावाच्या हवाली करून इथं राहून पळापळ केली म्हणून.

म्हणून माझ्या वहीत "रेफर" हा रकानाच नाही. पुढची पायरी काय, ती कोण करणार, कोणत्या तारखेला, आणि मूल सध्या कुठल्या गावात आहे, एवढंच असतं. चौथा रकाना लोकांना गमतीचा वाटतो पण गलाईवाल्यांच्या आणि ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या घरात तोच सगळ्यात महत्त्वाचा. तारीख घेतानाच विचारायचं, जत्रा कधी आहे, टोळी कधी निघणार, पट्टा कधी पडणार, म्हणजे कारखान्याचा हंगाम कधी संपणार. बापाचा तिकडचा नंबर, आईचा नंबर, आणि शेजारचा एक नंबर. ज्या दिवशी तारीख आहे त्या दिवशी संध्याकाळी फोन करायचा आणि "जाऊन आला का?" असं विचारायचंच नाही, कारण त्याला उत्तर "व्हय" असंच येतं, कुणालाही वाईट वाटून द्यायचं नसतं. "काय कागद दिला त्याचा फोटो पाठवा" म्हणायचं. कागद आला तरच टिक.

बेरासाठी जाताना रात्री उशिरापर्यंत जागवा, पहाटे उठवा, आणि एसटीत काही झालं तरी झोपू देऊ नका, खिडकीत उभं करा, गाणी म्हणा, बरोबर दुसरं माणूस घ्या कारण एकटी आई थकून स्वतःच झोपते. दूध कधी पाजायचं ते आधी दवाखान्यात विचारून घ्या, झोपेचं औषध द्यायचं असेल तर त्यावर अवलंबून असतं.

आणि मूल बोलत नसेल तर आधी कान. ऑटिझम वाटतोय? तरी आधी कान. टाळी वाजवली की बघतंय? ते टाळीचा वारा आणि हालचाल बघूनही बघतं. आधी कान!

एका आईला पाच जणांचे पाच व्यायाम

जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची, डीईआयसीची, मूळ कल्पनाच ही आहे की बालरोगतज्ज्ञ, फिजिओ, स्पीचवाले, सायकॉलॉजिस्ट, स्पेशल एज्युकेटर सगळे एका छताखाली बसतील आणि एकमेकांशी बोलतील. प्रत्यक्षात आई सकाळी एका खोलीतनं दुसऱ्या खोलीत फिरते आणि प्रत्येक खोलीतनं एक कागद घेऊन बाहेर येते.

जत तालुक्यातलं सेरेब्रल पाल्सीचं (मेंदूला इजा झाल्यानं हालचालीवर ताबा नसणं) एक लेकरू होतं, अडीच वर्षांचं. आईकडं फिजिओचा स्ट्रेचिंगचा तक्ता, हाताच्या कामाचा वेगळा तक्ता, स्पीचवाल्यांनी तोंडाचे व्यायाम दिलेले, स्पेशल एज्युकेटरनं रंग ओळखायला सांगितलेलं, वर कुणीतरी तेलमालिश. सगळं जोडलं तर दिवसाचे चार तास होत होते, आणि ही बाई दोन म्हशी, सासू-सासरे आणि दुसऱ्यांच्या रानात रोजगार यात अडकलेली. ती काहीच करत नव्हती. मग सेंटरमधल्या नव्या लोकांनी तिच्या फाईलवर काय लिहिलं, "पालक सहकार्य करत नाहीत". हे वाक्य वाचलं की माझं डोकं फिरतं. तुम्ही करून बघा ना एक दिवस.

मी त्या सगळ्यांना एका कॉलवर घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, पुढच्या दोन महिन्यांत या लेकराला काय आलं की आईचं ओझं कमी होईल? बरीच भवति न भवति झाली, शेवटी ठरलं की बसून खाणं. कारण आई त्याला आडवं पाजत होती, ते ठसकत होतं, सारखा कफ, सारखा ताप. आडवं भरवलं की घास श्वासनलिकेत जायची भीती असते, आणि फिजिओ, स्पीच, सगळ्यांचंच काम त्या एका गोष्टीत येतं. गावातल्या सुतारानं भिंतीच्या कोपऱ्यासारखी लाकडी खुर्ची केली, पुढं छोटा पाट, पायाखाली फळी, माप फिजिओनं फोनवर सांगितलं. दिवसातनं तीनदा जेवायचंच असतं, त्यामुळं वेगळा वेळ काढायचा प्रश्नच नाही. स्ट्रेचिंग आंघोळीच्या वेळी, गरम पाण्यानं अंग सैल असतं तेव्हा. बाकीचे तक्ते मी सरळ फाईलच्या मागं घातले आणि ज्यांचे होते त्यांना तसं सांगितलं, एकजण रुसले पण आहेत अजून.

व्हॉट्सॲपवर यूट्यूबचे व्यायामाचे व्हिडिओ पाठवणं म्हणजे फॉलोअप नव्हे. हा शॉर्टकट मला सगळ्यात खोटा वाटतो. आईनं करून दाखवलं पाहिजे, तुमच्यासमोर, तिच्या घरात, तिच्या घोंगडीवर.

बाकीच्या चुका, पटापट

दिवस पूर्ण व्हायच्या आधी झालेल्या बाळाचं वय जन्मतारखेवरनं मोजतात आणि घाबरतात, नाहीतर उलट "कमी दिवसांचं आहे, होईल" म्हणून दोन-दोन वर्षं सोडून देतात. दोन महिने आधी झालं असेल तर ते दोन महिने वजा करून बघा, दोन वर्षांपर्यंत असंच करतात, त्यानंतर सूट नाही.

अशाच बाळांचं, ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोच्या आत जन्मलेल्यांचं, डोळ्याचा पडदा तपासणं. ३० दिवसांच्या आत. फारच लहान असेल तर त्याच्याही आधी. एनआयसीयूतनं (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातनं) सुट्टी होताना कार्डावर लिहून देतात आणि घरी गेल्यावर बारसं, पाहुणे, सव्वा महिना या गडबडीत ते कार्ड कुणी उघडत नाही. इथं उशीर झाला तर नजर जाऊ शकते, नंतर कितीही चांगला कोऑर्डिनेटर मिळाला तरी परत येत नाही. सव्वा महिना घराबाहेर काढायचं नाही म्हणणाऱ्या आजीशी मी सरळ भांडते.

चाकाचा गोल वॉकर. कॅनडात २००४ पासून विकायलाच बंदी आहे, आपल्याकडं बारशाला भेट देतात. चालायला मदत होत नाही, उलट उशीर होतो, पायात ताठरपणा असलेल्या मुलाला तर बोटांवर चालायची सवय लागते.

मोबाईल देऊन जेवण. दोन वर्षांखाली स्क्रीन नको, एवढंच.

सर्टिफिकेटची घाई, आणि सर्टिफिकेटसाठी थांबणं, दोन्ही चुका. एक ते पाच वर्षांच्या मुलाला बौद्धिक दिव्यांगत्वाचा शिक्का मारत नाहीत, ग्लोबल डेव्हलपमेंटल डिले (एकूणच विकास मागं असणं) असं लिहून देतात आणि पाचनंतर परत तपासतात, त्यामुळं "कायमचं द्या ना साहेब" म्हणून भांडू नका. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढा, दिव्यांगत्व ४० टक्के किंवा त्याच्या पुढं असेल तर एसटीची सवलत वगैरे चालू होते. पण कार्ड येईपर्यंत थेरपी थांबवायची हे कुणी सांगितलं? ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविकलांग मुलांसाठी केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला १ लाखापर्यंत, थेरपीचा काही खर्च पण त्यात बसतो, बिलं मात्र जपून ठेवावी लागतात आणि दरवर्षी रिन्यू करावी लागते. लोकांना ती आठवते दवाखान्यात ॲडमिट झाल्यावर.

थेरपिस्टचा नोंदणी नंबर न विचारणं. स्पीच, स्पेशल एज्युकेटर, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडं असते, विचारा बिनधास्त, खरा माणूस रागावत नाही. आणि "स्टेमसेलनं बरं करतो" म्हणणाऱ्याकडं जमीन गहाण टाकून जाऊ नका. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणं ऑटिझम किंवा सेरेब्रल पाल्सीला हा मान्य उपचार नाही, संशोधनाच्या ट्रायलच्या बाहेर तो द्यायचाच नसतो, आणि ट्रायलमध्ये पेशंटकडनं पैसे घेत नाहीत.

"आधी बरं होऊ दे, मग अंगणवाडीत घालू." हे तर आईबाप, ताई, कधीकधी डॉक्टर पण म्हणतात. दिव्यांग मुलांना अंगणवाडीत कसं सामावून घ्यायचं याचा केंद्राचा प्रोटोकॉल नोव्हेंबर २०२३ मध्ये आलाय, तेव्हा ताईंनी नाही म्हणायचं कारणच नाही, सुरुवातीला एक तास बसवा, आईला बरोबर बसू द्या, खाऊच्या वेळेला बसवा. शाळेचं पण तेच. पाचवं लागलं की पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात समग्र शिक्षाचे विशेष शिक्षक असतात, त्यांना गाठून फाईल दाखवा, वर्गखोली तळमजल्यावर आहे का, संडासापर्यंत मूल जाऊ शकतं का हे उन्हाळ्याच्या सुट्टीआधी बघून घ्या, जूनमध्ये हेडमास्तरांना यातलं काहीही करायला वेळ नसतो.