छंदासाठी आयपॅड घ्यावा की अँड्रॉइड? निवडताना या चुका टाळा

नाशिकच्या एम.जी. रोडवरच्या मोबाइलच्या दुकानात जाऊन "चित्रं काढायला चांगला टॅब दाखवा" म्हटलं, की आधी बजेट विचारलं जातं, मग रॅम, मग स्टोरेज. चित्रं कसली काढणार आणि कुठल्या अ‍ॅपवर, हे सहसा कुणी विचारत नाही. घेणाऱ्यानेही त्याचा विचार केलेला नसतो. टॅब घरी येतो, पंधरा दिवस हौसेने वापरला जातो आणि मग मुलांच्या हातात यूट्यूब बघायला जातो. बहुतेक वेळा यंत्र वाईट नसतं. त्या छंदाला जे लागतं, तेवढंच नेमकं त्यात नसतं.

यंत्र आधी, अ‍ॅप नंतर

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. काही अ‍ॅप्स एकाच बाजूला मिळतात, आणि यूट्यूबवरचे धडे बघून शिकायचं असेल तर तेच अ‍ॅप हाताशी लागतं. चित्रांचं प्रोक्रिएट फक्त आयपॅडवर चालतं (आयफोनसाठी प्रोक्रिएट पॉकेट आहे, पण ते वेगळं विकत घ्यावं लागतं). संगीताची गॅरेजबँड आणि लॉजिक प्रो अ‍ॅपलच्याच यंत्रांवर आहेत. पुण्यात घडलेलं, २०२१ चा अ‍ॅपल डिझाइन पुरस्कार मिळवणारं रियाजाचं 'नादसाधना' हे अ‍ॅपही अ‍ॅपलच्याच यंत्रांसाठी आहे. उलट क्रिटा हे मोफत आणि ताकदीचं चित्रांचं अ‍ॅप अँड्रॉइड टॅबवर मिळतं, आयपॅडवर नाही. चित्रांची क्लिप स्टुडिओ पेंट आणि आयबिसपेंट, संगीताचं एफएल स्टुडिओ मोबाइल, पक्षी ओळखण्याचं मर्लिन, पक्ष्यांच्या नोंदींचं ईबर्ड, नकाशाचं ओएसएमअँड, आकाशदर्शनाचं स्टेलेरियम ही दोन्हीकडे आहेत.

म्हणून दुकानात जाण्याआधी घरी एक कागद घ्या. छंदासाठी रोज लागतील अशी तीन अ‍ॅप्स लिहा. प्रत्येकापुढे लिहा: दोन्हीकडे मिळतं का, एकदाच पैसे भरायचे की दर महिन्याला, आणि त्याला जोडायचं काय आहे, म्हणजे पेन, माइक, कीबोर्ड, कॅमेरा. निम्मा निर्णय त्या कागदावरच होतो. तिन्ही अ‍ॅप्स दोन्हीकडे असतील तर आधीपासून हातात असलेल्या फोनच्याच बाजूला राहा. खाती, फोटो, विकत घेतलेली अ‍ॅप्स सगळं तिथेच असतं.

"पेन आहे ना सोबत?" एवढंच विचारणं

चित्रकलेच्या बाबतीत फसगत होते ती इथे. प्रश्न पेन आहे का हा नसून त्याला दाब कळतो का, हा आहे. हलका हात बारीक रेघ आणि जोराचा हात जाड रेघ उमटवतो, तो दाबाचा गुण. ऑनलाइन मिळणारी बरीच स्वस्त "आयपॅड पेन" हाताचा तळवा टेकला तरी चालवून घेतात, तिरकेपणाही ओळखतात, पण दाब ओळखत नाहीत. खुद्द अ‍ॅपलच्या यूएसबी-सी पेन्सिलीलाही दाब कळत नाही.

कुठल्या आयपॅडला कुठली पेन्सिल हे नीट लिहून ठेवा, कारण त्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत. साध्या आयपॅडला (दहावी पिढी, २०२२ आणि ए१६ चिपचा, २०२५) पहिल्या पिढीची पेन्सिल छोट्या अ‍ॅडॉप्टरसह चालते, किंवा यूएसबी-सी पेन्सिल. या दोघींत दाब फक्त पहिल्या पिढीच्या पेन्सिलीला कळतो. एम२ चिपचा आणि नंतरचा आयपॅड एअर, एम४ चिपचा आणि नंतरचा प्रो आणि २०२४ चा मिनी यांना पेन्सिल प्रो किंवा यूएसबी-सी पेन्सिल लागते. दुसऱ्या पिढीची पेन्सिल या नव्या यंत्रांवर चालत नाही. ओळखीच्या कुणाकडून ती स्वस्तात मिळते म्हणून आधी घेऊन ठेवू नका.

अँड्रॉइडमध्ये सॅमसंगच्या टॅब एस मालिकेसोबत एस पेन डब्यातच येतो. त्याला लिहिण्यासाठी चार्जिंग लागत नाही आणि दाबही कळतो. टॅब ए९ सारख्या स्वस्त टॅबवर मात्र तो पेन चालत नाही, नंतर वेगळा विकत घेऊनही नाही. दोघांवर "गॅलॅक्सी टॅब" हेच नाव असल्यामुळे इथे घोळ होतो.

दुकानात तपासायचं असं: नोट्ससारखं साधं अ‍ॅप उघडा, पेन निवडा, आणि न थांबता एकच रेघ हलक्या हाताने सुरू करून हळूहळू दाबत न्या. जाडी बदलली तर ठीक. मग नखाएवढ्या जागेत दहा बारीक रेघा काढा आणि पेनाचं टोक व उमटणारी रेघ यांत फट दिसते का बघा. साध्या आयपॅडची काच पडद्याला चिकटवलेली नसते, त्यामुळे तिथे ही फट थोडी जाणवते. काहींना त्रास होतो, काहींना आठवड्यात सवय होते.

पण दाब प्रत्येकाला लागतोच असं नाही. आपल्या जिल्ह्यातल्या सुरगाणा, पेठ भागातली वारली शैली घ्या. गेरूच्या रंगावर पांढरी, जवळजवळ एकसारख्या जाडीची रेघ, त्रिकोण, वर्तुळं. त्यासाठी साधा आयपॅड आणि यूएसबी-सी पेन्सिल पुरते. बोरूसारखं देवनागरी सुलेखन करायचं तरी दाबापेक्षा टोकाचा कोन महत्त्वाचा. ब्रशच्या सेटिंगमध्ये आकार रेघेबरोबर फिरणं बंद करा, म्हणजे कोन स्थिर राहतो. गोदाघाटाचं जलरंगासारखं चित्र, व्यक्तिचित्र, पेन्सिलीची छटा यांना मात्र दाब हवाच. त्यात काटकसर करू नका.

मराठी अक्षरं चित्रात टाइप करणार असाल तर अ‍ॅपचे पैसे भरण्याआधी त्याच्या टेक्स्ट टूलमध्ये "ज्ञानेश्वर, सुऱ्या, ऱ्हस्व, श्रीफळ" एवढं टाइप करून बघा. जोडाक्षरं तुटली किंवा "ऱ्या" चा रफार झाला, तर त्या अ‍ॅपमध्ये पोस्टर करण्याच्या भानगडीत पडू नका.

रॅमचा आकडा बघायचा, पण कागदाचा आकार विसरायचा

ए४ आकाराचं ३०० डीपीआयचं (इंचाला ३०० ठिपके) चित्र म्हणजे २४८० बाय ३५०८ पिक्सेल. एका पिक्सेलला चार बाइट धरले तर एक लेअर, म्हणजे चित्राचा एक थर, साधारण ३५ एमबी खातो. ए३ ला तोच लेअर ७० एमबी. चाळीस लेअर्सचं ए३ चित्र काढायला बसलात तर जवळजवळ २.८ जीबी नुसत्या लेअर्सना लागते, शिवाय यंत्राची स्वतःची गरज वेगळी. म्हणून ४ जीबी रॅमच्या टॅबवर मोठं चित्र अडखळतं किंवा अ‍ॅप धाडकन बंद होतं. प्रोक्रिएट आधीच लेअर्सची मर्यादा घालतं. "लेअर वाढत नाही" ही तक्रार बहुतेक वेळा बिघाडाची नसते, कॅनव्हास गरजेपेक्षा मोठा घेतल्याची असते. मोबाइलवरच दाखवायचं चित्र असेल तर ए३ कशाला?

ब्लूटूथ लावून वाजवायला बसणं

संगीतवाले दोन गोष्टींची गल्लत करतात. तानपुरा किंवा तबला अ‍ॅपवर लावून त्याच्याबरोबर गायचं असेल, तर कुठलाही बरा फोन चालतो. आवाज उशिरा आला तरी तो सगळाच सारखा उशिरा येतो, आपण त्याच्यामागे गातो. स्क्रीनवर बोट आपटून वाजवायचं, मिडी कीबोर्ड (कुठली पट्टी दाबली ते यंत्राला कळवणारा पियानोसारखा कीबोर्ड) जोडायचा किंवा आपलाच आवाज हेडफोनमध्ये ऐकत रेकॉर्ड करायचा, तिथे मात्र उशीर जीव घेतो.

हिशोब करून बघा. द्रुत तीनताल मिनिटाला २४० मात्रांनी चालला तर एक मात्रा २५० मिलिसेकंदांची. साध्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये दीड-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. म्हणजे थाप ऐकू येईपर्यंत मात्रा सरत आलेली असते. हा दोष ब्लूटूथचा, त्यामुळे आयपॅड घेऊनही तो जात नाही. तार लावा.

तारेतही एक मेख आहे. यूएसबी-सीला लावायचे काही स्वस्त ३.५ मिमी जोड आतून नुसती तार असतात. ते काही अँड्रॉइड फोनवर चालतात, आयपॅडवर आणि नव्या आयफोनवर चालत नाहीत. घेताना आत डॅक (डिजिटल आवाज हेडफोनला चालेल असा करणारी चिप) आहे असं लिहिलेलाच जोड घ्या.

तार लावल्यावर उरतो तो यंत्राचा उशीर. आयफोन-आयपॅडवर तो कमी आणि सगळ्या मॉडेल्सवर जवळपास सारखा असतो. अँड्रॉइडमध्ये ८.० पासून (२०१७) त्यासाठी चांगली सोय आली, तरी प्रत्येक कंपनीच्या फोनवर फरक पडतो आणि अ‍ॅपनेही ती सोय वापरलेली असावी लागते. वाजवण्यासाठी घेणार असाल तर आमचा कौल आयपॅडला आहे. अँड्रॉइडच घ्यायचा असेल तर दुकानात पियानोचं कुठलंही अ‍ॅप टाका, यंत्राच्याच स्पीकरवर दोन बोटांनी भरभर आपटा. बोट आणि आवाज वेगळे वाटले तर तो फोन वाजवण्यासाठी नको.

वाय-फायचा आयपॅड घेऊन नांदूरमध्यमेश्वरला जाणं

फक्त वाय-फायच्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतं. ते सिमच्या मॉडेलमध्येच असतं. घरात नकाशा बरोबर जागा दाखवतो, कारण तो आजूबाजूच्या वाय-फायवरून अंदाज बांधतो. नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्यातल्या खाणगाव थडीच्या मनोऱ्यावर किंवा हरिहर किल्ल्याच्या पायऱ्यांवर तो अंदाज कोलमडतो. वाय-फायच्या बऱ्याच अँड्रॉइड टॅबमध्ये जीपीएस असतं, सगळ्यांत नाही. स्पेसिफिकेशनमध्ये जीपीएस किंवा जीएनएसएस हा शब्द शोधा. काही स्वस्त फोनमध्ये होकायंत्राचा सेन्सर आणि जायरोस्कोपही (फोन कसा फिरतोय ते ओळखणारा सेन्सर) वगळलेला असतो. आकाशदर्शनाचं अ‍ॅप फोन वर धरल्यावर भलतीकडेच तारे दाखवत असेल तर कारण बहुधा हेच. सेन्सर असूनही चुकत असेल तर फोनचं चुंबकवालं कव्हर काढा आणि हवेत आठचा आकडा काढत फोन फिरवा.

पक्ष्यांसाठी मर्लिन आणि ईबर्ड दोन्हीकडे सारखीच चांगली आहेत, त्यामुळे त्यासाठी यंत्र बदलू नका. मर्लिनचा भारताचा पॅक आदल्या रात्री घरच्या वाय-फायवर उतरवून ठेवा, मग थापट्या की चक्रवाक ते नेटशिवायही बघता येतं. फोन बदलताना ईबर्डच्या सबमिट केलेल्या याद्या खात्यात सुरक्षित असतात. सबमिट न केलेल्या याद्या आणि मर्लिनमधली आवाजाची रेकॉर्डिंग्ज जुन्या फोनमध्येच राहतात. आधी त्या बाहेर काढा, मगच फोन पुसा, म्हणजे रीसेट करा.

ट्रेकची नोंद मध्येच तुटण्याची तक्रार अँड्रॉइडवर जास्त येते. बॅटरी वाचवण्यासाठी फोन मागे चाललेलं अ‍ॅप बंद करतो आणि वाटेची नोंद असलेल्या जीपीएक्स फाइलमध्ये अर्ध्या डोंगराची एक सरळ रेघ उरते. उपाय असा:

- सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्स, तिथे ते अ‍ॅप, तिथे बॅटरी, आणि "अनरिस्ट्रिक्टेड" निवडा.
- ऑटोस्टार्ट असा पर्याय असेल तर चालू करा.
- लोकेशनची परवानगी "अलाउ ऑल द टाइम" आणि "प्रिसाइज" ठेवा.
- रीसेंट अ‍ॅप्सच्या यादीत त्या अ‍ॅपला कुलूप लावा आणि "क्लिअर ऑल" दाबण्याची सवय सोडा.

आयफोनवर प्रायव्हसीमधल्या लोकेशन सर्व्हिसेसमध्ये जाऊन त्या अ‍ॅपला "प्रिसाइज लोकेशन" दिलं आणि अ‍ॅप वर सरकवून बंद केलं नाही, की सहसा पुरतं. निघण्याआधी घरासमोर मोकळ्या आकाशाखाली पाच मिनिटं जीपीएस लावून ठेवा. नेट नसलेल्या ठिकाणी पहिल्यांदा जागा पकडायला जास्त वेळ लागतो.

उंचीच्या आकड्यावरून उगाच यंत्राला दोष देऊ नका. साल्हेर किल्ला १५६७ मीटर, आणि माथ्यावर अँड्रॉइडचं एखादं अ‍ॅप १५०० च्या आसपास दाखवतं. जीपीएस ज्या गणिती गोलापासून उंची मोजतं तो आपल्या भागात समुद्रसपाटीहून ६० मीटरच्या आसपास वर येतो, म्हणून कच्चा आकडा तेवढा कमी दिसतो. आयफोन ही दुरुस्ती स्वतः करतो. ओएसएमअँडमध्ये "वर्ल्ड अल्टिट्यूड करेक्शन" ही फाइल उतरवली की तिथेही आकडा जाग्यावर येतो.

आणि उन्हाचं बघा. अ‍ॅपल आयपॅडसाठी वापराची मर्यादा ३५ अंश सांगतं. एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला टॅब पडदा मंद करतो, चार्जिंग थांबवतो, शेवटी तापल्याची सूचना देऊन बसतो. बिघाड नाही तो. सावलीत ठेवा, फ्रिजमध्ये नको, आत पाणी धरतं.

विकत घेतलेलं सगळं सोबत येईल असं धरून चालणं

प्ले स्टोअरवर पैसे भरलेलं अ‍ॅप अ‍ॅप स्टोअरवर पुन्हा विकत घ्यावं लागतं. दर महिन्याच्या वर्गणीची अ‍ॅप्स स्वतःच्या खात्यावर चालत असतील तर काही वेळा दोन्हीकडे चालतात, ते आधी वाचा. प्ले स्टोअरवर अ‍ॅप पसंत पडलं नाही तर ४८ तासांच्या आत परताव्याची विनंती करा. चित्रांच्या मूळ फाइल्सही अडकतात: प्रोक्रिएटची फाइल दुसरीकडे सहसा उघडत नाही, म्हणून जपायच्या चित्रांची लेअर्ससह पीएसडी (फोटोशॉपच्या फॉरमॅटची) प्रत काढून पेनड्राइव्हवर ठेवा. पेनड्राइव्ह एक्सफॅट फॉरमॅटचा असावा, फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल बसत नाही. आयफोनचे फोटो छपाईवाल्याकडे उघडत नसतील तर सेटिंग्जमध्ये कॅमेरा, फॉरमॅट्स, "मोस्ट कंपॅटिबल" करा, म्हणजे पुढचे फोटो जेपीजी येतील.

जुना टॅब घाईत घेणं

सेकंडहँड आयपॅड छंदासाठी उत्तम, पण पैसे देण्याआधी विकणाऱ्याने तुमच्यासमोर स्वतःच्या अ‍ॅपल खात्यातून साइन आउट करावं, यंत्र पुसावं आणि ते "हॅलो" पासून पुन्हा सुरू होताना जुन्या खात्याचा पासवर्ड मागत नाही हे तुम्ही डोळ्यांनी बघावं. अँड्रॉइडवरही गुगल खातं सेटिंग्जमधून काढूनच रीसेट करायला लावा. सिमचं यंत्र असेल तर सेटिंग्जमधल्या "अबाउट" मध्ये (फोनवर *#०६# दाबूनही) आयएमईआय, म्हणजे यंत्राचा ओळख क्रमांक बघा आणि रोमन अक्षरांत केवायएम, एक स्पेस, मग तो नंबर असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. काळ्या यादीतला असेल तर तिथेच कळतं. शेवटी सॉफ्टवेअर अपडेटमध्ये जाऊन कुठली आवृत्ती चालते ते बघा आणि कागदावरची तीन अ‍ॅप्स त्याच यंत्रावर, तिथेच दुकानात, स्टोअरमध्ये शोधा. "तुमच्या डिव्हाइसशी सुसंगत नाही" असं एकापुढे जरी आलं तरी तो टॅब परत ठेवा.