छातीत कळ आली तर जिभेखालची गोळी कशी घ्यावी

हृदयविकाराचा रुग्ण असलेल्या घरात जिभेखालची गोळी असतेच. कुणाच्या शर्टाच्या खिशात, कुणाच्या उशाशी, कुणाच्या पर्समध्ये. ती घ्यायची कशी हे मात्र डिस्चार्जच्या गडबडीत दोन वाक्यांत सांगून झालेलं असतं. म्हणून हा लेख कुणाला काही होत नसताना वाचा आणि घरातल्या इतरांनाही वाचायला द्या. ऐनवेळी गोळी शोधून हातात देणारे बहुधा तेच असतात.

आधी गोळी करते काय, ते पाहू. रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू अगदी थोड्या प्रमाणात सतत तयार करत असतं. हा वायू काही सेकंदच टिकतो, पण तेवढ्यात वाहिनीच्या भिंतीतला स्नायू सैल पडतो आणि वाहिनी रुंदावते. सॉर्बिट्रेट म्हणून आपण ओळखतो ती आयसोसॉर्बाइड डायनायट्रेटची गोळी किंवा नायट्रोग्लिसरीन, दोन्हींतून शरीरात हाच वायू सुटतो. शिरा सैल पडल्या की हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, हृदयावरचा ताण उतरतो आणि कळ ओसरते. डायनामाइटमध्ये असतं तेच हे नायट्रोग्लिसरीन. लंडनचे डॉक्टर विल्यम मरेल यांनी ते अंजायनावर, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत येणाऱ्या कळेवर, उपयोगी पडतं हे १८७९ मध्ये मांडलं. पण त्यातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो, हे फरीद मुराद यांनी दाखवेपर्यंत १९७७ साल उजाडलं. या वायूवरच्या कामासाठी मुराद, रॉबर्ट फर्चगॉट आणि लुई इग्नारो यांना १९९८ चं नोबेल मिळालं.

यातली एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. गोळी वाहिनी सैल करते, आत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवत नाही. पुढच्या सगळ्या सूचना यातूनच आल्या आहेत.

१. जिथे आहात तिथे बसा. चालणं, जिना, भांडण, सगळं थांबवा. खुर्चीत किंवा भिंतीला टेकून बसा. उभ्याने गोळी घेतली तर रक्तदाब उतरून चक्कर येते आणि माणूस पडतो. वयस्कर माणसाचं खुब्याचं हाड अशा पडण्यातच मोडतं. अगदी आडवंही होऊ नका.

२. घड्याळ पाहा. कळ किती वाजता सुरू झाली, ते मोठ्याने बोला म्हणजे दुसऱ्याच्याही लक्षात राहील. घरात एकटे असाल तर दाराची कडी काढून ठेवा.

३. एक गोळी जिभेखाली ठेवा. गिळू नका. गिळलेलं औषध पोटातून आधी यकृतात जातं आणि तिथेच त्याचा बराच भाग निकामी होतो. जिभेखालच्या बारीक शिरांतून ते थेट रक्तात उतरतं. तोंड कोरडं पडलं असेल तर आधी पाण्याचा एक घोट घ्या, पण गोळी विरघळेपर्यंत पाणी, चहा काही नको. डॉक्टरांनी स्प्रे दिला असेल तर तो जिभेखाली किंवा जिभेवर मारा, श्वासाबरोबर आत ओढू नका. रोज सकाळी पाण्याबरोबर घ्यायची मोनोनायट्रेटची गोळी वेगळी, ती इथे चालत नाही. दोन्ही पट्ट्या एकाच डब्यात असतील तर आजच वेगळ्या करा.

गोळीनंतर डोकं ठणकतं, चेहरा तापतो. डोक्यातल्या वाहिन्याही रुंदावतात, त्याचा हा परिणाम. घाबरू नका. डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली तर मात्र आडवं व्हा आणि पाय उशीवर उंच ठेवा.

४. पाच मिनिटांत कळ गेली नाही किंवा वाढली, तर १०८ ला फोन करा. दुसऱ्या गोळीचा परिणाम पाहू, मग ठरवू, असं करू नका. डॉक्टरांनी सांगून ठेवलं असेल तर पाच-पाच मिनिटांच्या अंतराने आणखी गोळी घेता येते, एकूण तीनपर्यंत, पण ती रुग्णवाहिका वाटेत असताना. आपल्याकडे या वेळात ‘गॅस असेल’ म्हणून इनो दिला जातो, पाठ चोळली जाते, आणि हृदयाचा स्नायू रक्तावाचून मरत असतो. बायकांमध्ये आणि मधुमेह्यांमध्ये तर कळ नसतेही. दरदरून घाम, धाप, जबड्यात किंवा पाठीत दुखणं एवढंच दिसतं. गोळीने बरं वाटलं म्हणजे हार्ट ॲटॅक नव्हता, असाही अर्थ काढू नका.

गोळी कुणाला द्यायची नाही, हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वरचा रक्तदाब ९० च्या खाली असेल तर नाही. महाधमनीची झडप फारच अरुंद झालेली असेल तर नाही. आणि सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रा, गेल्या २४ तासांत किंवा टाडालाफिल गेल्या ४८ तासांत घेतलं असेल तर अजिबात नाही. ही औषधं नायट्रिक ऑक्साइडने सुरू केलेलं काम थांबूच देत नाहीत. दोन्ही एकत्र आली की रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळतो. हा प्रश्न वडिलांना विचारायला मुलगा कचरतो, वडील सांगायला लाजतात. पण टाडालाफिल प्रोस्टेटच्या त्रासासाठीही देतात आणि सिल्डेनाफिल फुप्फुसांतला रक्तदाब वाढलेल्या बायकांना, मुलांनाही देतात. तेव्हा प्रश्न औषधाचा आहे, चारित्र्याचा नाही. सरळ विचारा, आणि रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांनाही सरळ सांगा.

याच कारणासाठी, छातीत दुखलं की कुणालाही सॉर्बिट्रेट द्या असं सांगणारे व्हॉट्सॲपवरचे मेसेज पुढे पाठवू नका. ज्याला ती लिहून दिलेलीच नाही, त्याला शेजाऱ्याची गोळी देणं धोक्याचं आहे. बीटाचा रस हाही पर्याय नव्हे. बीट-पालकातल्या नायट्रेटपासून शरीर नायट्रिक ऑक्साइड बनवतं हे खरं, पण त्याला काही तास लागतात. तो जेवणाचा भाग, कळ आल्यावरचा उपाय नाही.

गोळी जपून कशी ठेवावी? नायट्रोग्लिसरीन उडून जाणारं औषध आहे. ते मूळच्या गडद काचेच्या बाटलीतच, झाकण घट्ट लावून ठेवा; प्लॅस्टिकच्या डबीत किंवा कापसात नको. उन्हात उभ्या गाडीच्या कप्प्यात आणि अंगाला चिकटलेल्या खिशात औषध लवकर बिघडतं. सॉर्बिट्रेट त्यामानाने टिकाऊ, पण तिची अडचण वेगळी आहे. आपण चार-पाच गोळ्या मागतो, दुकानदार कात्रीने पट्टी कापून देतो आणि मुदत छापलेला तुकडा दुकानातच राहतो. पूर्ण पट्टी घ्या. मुदतीचा महिना कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून तो पट्टीला रबरबँडने लावा, आणि त्याच कागदावर रोजच्या औषधांची नावं आणि डॉक्टरांचा नंबर लिहा.